शंका काढणाऱ्याला आधी बोलू द्या

पुण्यात २००८ साली एक चाचणी झाली होती. महाराष्ट्राने तिची आठवण याहून अधिक जपायला हवी होती. जन्मकुंडलीवरून माणसाची बुद्धिमत्ता ओळखता येते, असे फलज्योतिषाचे जाणकार सांगत आले आहेत. हे खरे की खोटे, यावर पारावर, दिवाणखान्यात आणि वर्तमानपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी वाद बाजूला ठेवला आणि दावाच तपासायला घेतला.

समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून मुलांच्या जन्माची तारीख, वेळ आणि ठिकाण गोळा केले. त्यांतली १०० मुले हुशार म्हणून ओळखली जाणारी होती आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली. संगणकावर त्यांच्या कुंडल्या तयार झाल्या, प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक मिळाला आणि सगळ्यांची सरमिसळ केली गेली. मग राज्यातल्या ज्योतिषांना जाहीर आवाहन झाले. तयारी दाखवणाऱ्या ५१ जणांकडे प्रत्येकी ४० कुंडल्या गेल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. २७ जणांची उत्तरे परत आली. त्यांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता.

या निकालापेक्षाही शिकण्यासारखी आहे ती चाचणीची मांडणी. कोणते उत्तर बरोबर आणि कोणते चूक धरायचे, हे निकाल हाती येण्याआधी ठरलेले होते. गटांची माहिती उत्तर देणाऱ्यांपासून लपवलेली होती, त्यामुळे कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधायला वावच नव्हता. आणि बरोबर उत्तरांइतकीच चुकीची उत्तरेही मोजली गेली. सहभागी ज्योतिषांपैकी सर्वात चांगली कामगिरी करणाऱ्याची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर होती. फक्त त्याचीच गोष्ट कानावर आली असती, तर कोणालाही वाटले असते की या माणसाकडे काहीतरी विद्या आहे. पण २७ जणांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवले, तर त्यांच्यातल्या एखाद्याचा अंदाज २४ वेळा बरोबर येणे अगदी स्वाभाविक असते. आपण एरवी नेमकी ती एकच गोष्ट ऐकतो. बरोबर आलेले भाकीत घरोघर सांगितले जाते, चुकलेले कोणी लक्षात ठेवत नाही.

चिकित्सक विचार म्हणतात तो एवढाच असतो, आणि तो एवढा असूनही दुर्मीळ आहे. हुशारी, वाचन किंवा पदव्या यांच्याशी त्याचे नाते आपण समजतो त्यापेक्षा बरेच सैल आहे. भीती, लोभ, आदर आणि घाई या चार गोष्टी समोर आल्या की भल्याभल्यांची बुद्धी गप्प बसते. म्हणून आपल्या बुद्धीवर भरवसा ठेवून चालत नाही. ती गप्प बसली तरी तपासणी चालू राहील, अशी व्यवस्था आधीच लावून ठेवावी लागते. घरात, कचेरीत आणि शाळेत ही व्यवस्था आपण लावलेलीच नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याबाबतीत घडलेला प्रसंग पाहा. ८२ वर्षांचे, पद्मभूषण मिळालेले, उभे आयुष्य मोठमोठे व्यवहार केलेले उद्योजक. केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी असल्याचे भासवून काही जणांनी त्यांना फोन केला आणि आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात त्यांचे नाव असल्याचे सांगितले. व्हिडिओ कॉल सतत चालू ठेवायचा आणि कोणालाही काही बोलायचे नाही, अशी ताकीद दिली. पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी घडवली. तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंगही कोणीतरी घेतले. शिक्क्यानिशी आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ओसवाल यांच्याकडून ७ कोटी रुपये वळते करून घेण्यात आले.

यात त्यांची बुद्धी कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ठकांनी बुद्धीशी सामना केलाच नाही. त्यांनी भीती घातली, घाई लावली आणि माणसाला एकटे पाडले. यातले तिसरे सर्वात महत्त्वाचे होते, कारण ओसवाल यांनी कंपनीतल्या एका सहकाऱ्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याला लगेच शंका आली आणि प्रकरण पोलिसांकडे गेले. पुढे सव्वापाच कोटी रुपये परत मिळाले. तो सहकारी त्यांच्यापेक्षा अनुभवी किंवा शहाणा असण्याची काही गरज नव्हती. तो फक्त घाबरलेला नव्हता.

व्हिडिओ कॉलवर माणसाला असे कोंडून ठेवणारी ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितले. तरीही पुण्या-मुंबईतले निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यांची आयुष्यभराची पुंजी अशाच फोनवर गेल्याच्या बातम्या येतच राहिल्या. माहिती होती, पण ऐन वेळी ती उपयोगी पडली नाही. अशा वेळी घरात आधीच ठरलेला एखादा नियम वाचवतो. पैशाची मागणी करणारा कोणताही फोन, मग तो पोलिसांचा असो, बँकेचा असो की अपघातात सापडलेल्या भाच्याच्या मित्राचा, आधी बंद करायचा. मग घरातल्या एका माणसाला सांगायचे आणि संबंधित ठाण्याचा किंवा बँकेचा क्रमांक स्वतः शोधून उलट फोन करायचा. आजी-आजोबांना हा नियम एकदा सांगून भागत नाही. घरातल्या कोणीतरी खोटा फोन करून त्याची रंगीत तालीम घ्यायला हवी.

लोभाचे प्रकरण भीतीपेक्षा सोपे, कारण तिथे चौथीचे गणित पुरते. मुंबईत दादर आणि आसपासच्या उपनगरांत दालने थाटलेल्या ‘टोरेस’ नावाच्या दागिन्यांच्या साखळीसमोर जानेवारी २०२५ मध्ये हजारो गुंतवणूकदार हवालदिल होऊन जमले होते. प्रयोगशाळेत बनवलेल्या मोयसनाइट खड्यांच्या खरेदीवर त्यांना दर आठवड्याला ६ टक्के, पुढे तर त्याहूनही जास्त परतावा देऊ केला होता. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. हिशेब मात्र कोणालाही करता येतो. आठवड्याला ६ टक्के मिळाले आणि ते पुन्हा गुंतवत गेले, तर १ लाखाचे वर्षात २० लाखांहून अधिक होतात. एवढा नफा देणारा धंदा ज्याला सापडला आहे, तो लोकांचे पैसे कशाला मागेल? सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळाले, हे अनेकांना पुरावा वाटले. वास्तविक अशा योजनांत पहिले हप्ते वेळेवर मिळतातच. नवे लोक येण्यासाठी ते मिळावेच लागतात. जो पुरावा खऱ्या आणि खोट्या अशा दोन्ही योजनांत सारखाच दिसतो, तो पुरावा कसला?

आता आदराकडे येऊ. मराठी मनाला हे सर्वात जड जाते.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीवर उतरताना पुढे निघून गेले आणि दरीत कोसळले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ जण मृत्यू पावले. या अपघाताची चौकशी हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि तिचा अहवाल विमान वाहतुकीशी काडीचा संबंध नसलेल्या प्रत्येक साहेबाने वाचावा असा आहे. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीचा दीड तासाहून अधिक काळ कमांडरच्या झोपेचे आवाज आहेत. जागे झाल्यावर विमान उतरवायला घेतले तेव्हा ते असायला हवे त्यापेक्षा कितीतरी उंच होते. धावपट्टीच्या तोंडाशी सुमारे ५० फुटांवर असायचे, ते सुमारे २०० फुटांवर होते आणि वेगही जास्त होता. विमानातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा ओरडत होती. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला चूक दिसली होती. उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या, असे त्याने एकदा नव्हे, अधिक वेळा सांगितले. कमांडर उतरतच राहिले. सुमारे ८,००० फूट धावपट्टीपैकी ५,२०० फूट मागे पडल्यावर चाके पक्की टेकली.

योग्य निदान त्या कॉकपिटमध्ये हजर होते. ते अनुभवाने आणि हुद्द्याने लहान असलेल्या माणसाच्या तोंडून आले, एवढाच त्याचा दोष.

१९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. तिथेही उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान बाजूला झाले आहे ना, अशी शंका बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकून टाकली. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांना एक वेगळेच प्रशिक्षण सुरू केले. त्यात कनिष्ठाला स्पष्ट बोलायला शिकवतात आणि ज्येष्ठाला ते ऐकायला. शंका घेणे हा वैमानिकाच्या कामाचा भाग ठरला. ती न घेणे हीच कसूर मानली जाऊ लागली. त्यानंतर तीस वर्षांनीही मंगळूर घडले, यावरून ही सवय रुजवणे किती चिवट काम आहे ते कळते.

शस्त्रक्रियागृहातही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी काढली. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व अतुल गावंडे या अमेरिकी शल्यचिकित्सकाकडे होते. गावंडे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले. यादीत मोठे वैद्यकीय ज्ञान काही नाही. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला करायची, प्रतिजैविक दिले का, नंतर कापसाचे बोळे आणि उपकरणे मोजली का, असे साधे प्रश्न आहेत. एक मुद्दा मात्र लक्ष वेधून घेतो. त्वचेला सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. एकदा बोलून झालेली परिचारिका पुढे काही चुकताना दिसले तर गप्प राहण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा विचार. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. विचारायची सोय केली, एवढेच.

आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत ही सोय आहे? जिल्हा परिषद असो, साखर कारखाना असो, सहकारी बँक असो की हिंजवडीतली संगणक कंपनी, बैठकीचा साचा ठरलेला. साहेब आधी बोलतात, मग सगळे क्रमाने ‘बरोबर आहे साहेब’ म्हणतात. खरे बोलणे जिन्यात आणि चहाच्या टपरीवर होते. एखादे कर्ज बुडणार, पुलाचा खर्च फुगणार, सॉफ्टवेअर वेळेवर होणार नाही, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक असते; इतिवृत्तात त्याची ओळही नसते. ‘तू फार शहाणा झालास का?’ हा प्रश्न आपण पाचव्या वर्षापासून ऐकत आलेलो असतो. पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या मुलाने तोंड उघडावे, ही अपेक्षा मग कोणत्या बळावर करायची?

घाईची किंमत काय असते, हे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, रविवारच्या आठवडी बाजारात जमावाने गाठले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांच्याजवळ ओळखपत्रे होती. ती पाहण्याइतके कोणी थांबले नाही. मुले पळवली जात असल्याच्या चित्रफिती आणि संदेश त्या दिवसांत फोनवर फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. मूळ फीत कराचीतल्या एका स्वयंसेवी संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. उरलेले काही सेकंद माणसे मारायला पुरेसे ठरले.

त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. त्यात लहान मूलही होते. तिथल्या रहिवाशांनी त्यांना घरात घेऊन दार लावले आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. अफवा तीच, दिवस तोच. मालेगावात जमावाच्या आड कोणीतरी उभे राहिले, म्हणून ते कुटुंब वाचले. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने केला तो उपाय योग्यच होता, पण शंका घेण्याचे आपले काम कंपनीवर सोपवून चालणार नाही.

चिकित्सेने श्रद्धा उडते, घरात कलह होतो, माणूस सगळ्यांवर संशय घेऊ लागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती गंभीरपणे घ्यायला हवी, कारण सगळेच खोटे मानणारा माणूस सगळेच खरे मानणाऱ्यासारखाच फसतो. लस घेण्यास नकार देणारी व्यक्ती त्याच दिवशी अनोळखी माणसाने पाठवलेला काढा बिनदिक्कत पिते, हे कोविडच्या काळात घरोघर दिसले. तपासणे म्हणजे नाकारणे नव्हे. नारळीकरांच्या चाचणीत ज्योतिषांची ४० पैकी ३५ उत्तरे बरोबर आली असती, तर निष्कर्ष वेगळा काढावा लागला असता, आणि चाचणी घेणाऱ्यांनी ती जोखीम जाहीरपणे पत्करली होती. आपले मत कशाने बदलेल, हे ज्याला आधी सांगता येते त्याचीच शंका प्रामाणिक. ज्याला ते सांगता येत नाही, तो श्रद्धाळू असो की नास्तिक, त्याने विचार थांबवलेलाच असतो.

महाराष्ट्रात अशी शंका घेण्याची परंपरा मोठी आहे आणि तिची किंमतही लोकांनी मोजली आहे. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळात मंजूर झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. शाळेत ते पाठ करून घेतले जाते आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरा यासाठी विचारले जाते.

शाळेतच खरी सुरुवात व्हायला हवी. नारळीकरांकडे मुले सही मागायला येत, तेव्हा ते त्यांना पोस्टकार्डावर एखादा प्रश्न विचारून पाठवायला सांगत. उत्तराखाली त्यांची सही मिळे. ही नुसती आठवण म्हणून सांगण्याऐवजी तिची पद्धत का करू नये? नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख ठिकठिकाणी आहे. तो वर्गात आणायला मोठा निधी लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना एखादा ऐकीव दावा द्यावा: मांजर आडवे गेले की काम बिघडते, अमुक पावडरीने उंची वाढते, अमावास्येला अपघात जास्त होतात. तो खोटा ठरेल अशी चाचणी आधी कागदावर मांडायला सांगावे, मग महिनाभर नोंदी ठेवायला लावाव्यात. गुण उत्तराला न देता मांडणीला द्यावेत. एखाद्या मुलीने शिक्षकांचेच म्हणणे तपासायला घेतले, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.

मोठ्यांना शाळेची वाट पाहायचे कारण नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवता येते. तो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आजच साठवून ठेवावा. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी पुढच्या बैठकीत स्वतः शेवटी बोलावे आणि सर्वात कनिष्ठ कर्मचाऱ्याला पहिल्यांदा बोलू द्यावे. या योजनेत काय चुकू शकते, एवढेच त्याला विचारावे. त्याने जे सांगितले ते त्याच्या नावानिशी इतिवृत्तात लिहावे, आणि सहा महिन्यांनी ते पान उघडून सर्वांसमोर वाचावे.